राजिवड्यातल्या खलाशासाठी पत्रं

१९९८ साली मी चोवीस वर्षांची होते आणि रत्नागिरीच्या एसटी स्टँडजवळ एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये इंग्रजी टायपिंग शिकवत होते. सकाळी आणि संध्याकाळी मुलामुलींच्या बॅच असत. मधल्या वेळात बाहेरची कामं येत, कोर्टाची प्रतिज्ञापत्रं, नोकरीचे अर्ज, आखातात जाणाऱ्यांचे बायोडाटा. ही कामं मी करायचे. मजकुराकडे लक्ष न देता टाइप करायची मला सवय झाली होती.

एका दुपारी एक म्हातारे गृहस्थ दोन कागद घेऊन आले. इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक होते. त्यांच्या उजव्या हाताला कंप होता.

"माझं अक्षर आता मलाच लागत नाही," ते म्हणाले. "मी शेजारी बसून वाचतो, तुम्ही टाइप करा. चालेल?"

मी कागद चढवला. पत्र कुठल्यातरी दूरच्या देशाच्या न्यायमंत्र्याला होतं. तिथल्या एका खेड्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या बाईला सैनिकांनी पकडून नेलं होतं. तिच्या वर्गातली दोन मुलं बेपत्ता झाली, ती कुठे आहेत असं तिनं जाहीरपणे विचारलं, एवढाच तिचा गुन्हा. तिच्यावर खटला नव्हता, तिला वकील भेटू देत नव्हते. सरांनी शांतपणे, प्रत्येक स्वल्पविराम सांगत, ते पत्र सांगितलं. शेवटी 'आपला विश्वासू' आलं, तेव्हा मला राहवलं नाही.

"सर, ही बाई तुमची कोण?"

"कुणी नाही."

"मग?"

"मग काय? कुणी असायलाच हवी का?"

त्या दिवशी इतर कामं करताना बोटं नेहमीसारखी चालत होती, पण डोक्यात ती बाई होती.

सर दर पंधरवड्याला येऊ लागले. परदेशातली एक संस्था त्यांना दर महिन्याला एक पातळ छापील पत्रक पाठवायची. त्यात तीन-चार माणसांची हकिकत असे आणि ज्यांना लिहायचं त्या अधिकाऱ्यांचे पत्ते. जगभरातली माणसं त्यावरून पत्रं लिहीत. सरांचे नियम ठरलेले होते. मजकूर एका पानात संपला पाहिजे. विशेषणं नकोत. माहीत नाही ते लिहायचं नाही. आणि कितीही संताप आला तरी एकही उणा शब्द नको. "आपण रागवायला लिहीत नाही," ते म्हणायचे, "सोडवायला लिहितो."

थोड्या महिन्यांनी त्यांनी मला रविवारी घरी बोलावलं. मारुती मंदिराजवळ त्यांचं घर होतं. जेवणाच्या टेबलावर सर, त्यांच्या पत्नी काकू आणि त्यांच्या ओळखीचे दोघं-तिघं बसून पत्रं लिहीत. काकूंना इंग्रजी बेताचंच येई, पण पाकिटांवरचे पत्ते त्या असे घोटून लिहीत की कुठल्याही देशातल्या टपालवाल्यानं खुशाल वाचावेत. मी सगळ्यांत लहान होते. पहिल्या रविवारी मी फक्त तिकिटं चिकटवली. पुढच्या रविवारी सरांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला.

मी कधी स्वतःच्या मनातलं इंग्रजी वाक्य लिहिलं नव्हतं. दुसऱ्यांची हजारो टाइप केली होती, पण ती माझी नव्हती. तासभर बसून चार ओळी झाल्या. सरांनी वाचल्या, एक 'व्हेरी' खोडला आणि म्हणाले, "सही करा." परक्या देशाच्या मंत्र्याला जाणाऱ्या कागदाखाली मी पहिल्यांदा माझं नाव लिहिलं.

घरी बाबांना हे पसंत नव्हतं. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. "तुला पुढेमागे सरकारी नोकरी लागायची आहे," ते म्हणाले. "परदेशी पत्रव्यवहार म्हटला की चौकशी होते. आणि इथून रत्नागिरीतून लिहून तिकडे कोण विचारतंय?"

मी वाद घातला नाही. मात्र पत्रांच्या कार्बन कॉपी घरी आणून कपाटात ठेवत गेले. एका सकाळी उठून पाहते तर बाबा ओसरीवर चष्मा लावून त्या वाचत बसले होते. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"विषय कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"कसला विषय?"

"पत्राचा! वर विषय लिहिलेला नाही. साहेब अख्खं पत्र वाचतो असं वाटतं का तुला? तो विषय वाचतो आणि शेवटचा परिच्छेद वाचतो. तुमच्या शेवटच्या परिच्छेदात नुसतं 'कृपया लक्ष घालावे.' लक्ष घालून त्यानं करायचं काय? नेमकं मागा. वकील भेटू द्यावा. घरच्यांना पत्र लिहू द्यावं. एकच गोष्ट मागा, पण अशी मागा की त्याला हो किंवा नाही म्हणावं लागेल."

ते पुढे म्हणाले, "आणि एक ध्यानात ठेव. कचेरीत पत्र आलं की त्याला आवक क्रमांक पडतो. क्रमांक पडला की कागद कुणाच्या तरी टेबलावर जातो. एक पत्र दाबता येतं. पन्नास आली तर खालचा कारकून वैतागून वर जाऊन विचारतो, साहेब, ह्यांचं काय करू? मी तीस वर्षं तोच कारकून होतो."

रविवारी मी हे सरांना सांगितलं. ते खुर्चीतून उठलेच. "इतकी वर्षं मी इंग्रजी शिकवलं," ते म्हणाले, "पण पत्र वाचणाऱ्याच्या बाजूनं विचार करायचं मला सुचलं नाही. तुझ्या वडलांना घेऊन ये." बाबा आढेवेढे घेत आले, आणि मग येतच राहिले. आमच्या पत्रांना तेव्हापासून विषय आला.

शाळेतल्या त्या बाईसाठी आम्ही वर्षभर लिहिलं. मग एका महिन्याच्या पत्रकात दोन ओळी आल्या. ती तुरुंगात वारली होती. आजारपण, असं तिथल्या सरकारचं म्हणणं. त्या रविवारी कुणीच काही लिहिलं नाही. काकूंनी केलेला चहा तसाच निवला. शेवटी सरांनी मला कागद घ्यायला सांगितलं आणि तिच्या आईला पत्र सांगितलं. तुमची मुलगी आम्हाला माहीत होती, तिनं ज्या मुलांची चौकशी केली तीही आम्हाला माहीत आहेत, एवढंच. उत्तर आलं नाही. ते पोचलं का, हेही कळलं नाही. मी घरी जाताना बाबांना म्हटलं, "वर्ष फुकट गेलं." पुढच्या रविवारी मात्र बाबा माझ्याआधी चपला घालून तयार होते.

१९९९ सालच्या शेवटी खाडीकाठच्या राजिवड्याची एक बाई इन्स्टिट्यूटमध्ये आली. चाळिशीची असेल. डोक्यावरून ओढणी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत कुणीतरी लिहून दिलेला अर्ज होता. तो इंग्रजीत टाइप करून हवा होता. मी वाचायला घेतला. पहिल्या पानभर गयावया आणि दुसऱ्या पानभर शिव्याशाप होते. माणूस कोण, कुठे, कधी, याचा पत्ताच नव्हता.

"भाभी, हा कुणासाठी आहे?"

"माज्या घरवाल्यासाटी," ती म्हणाली. "तो तकडं लाँचवर खलाशी होता. पकडून नेला. दीड वर्स झाली, बाय. कशापायी नेला ते कोण सांगत न्हाय."

हळूहळू तिनं सांगितलं ते असं. आखातातल्या एका बंदरात तिचा नवरा मालवाहू लाँचवर कामाला होता. मालकानं सगळ्या खलाशांचे पासपोर्ट काढून घेतले होते. एका खलाशाला मारहाण झाली, तेव्हा ह्यानं पुढे होऊन तक्रार केली आणि पासपोर्ट मागितले. दुसऱ्या दिवशी पोलीस आले ते ह्यालाच घेऊन गेले. बरोबरच्या एकानं फोन करून एवढं कळवलं. पुढे त्याचाही फोन बंद झाला. ती दलालाकडे गेली, पुढाऱ्यांकडे गेली, मुंबईला जाऊन आली. प्रत्येकानं अर्ज करा म्हणून सांगितलं. तिनं सात अर्ज केले होते.

मी अर्ज टाइप केला नाही. "भाभी, रविवारी माझ्याबरोबर एका घरी याल?" असं विचारलं.

ती आली. सरांच्या टेबलाशी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. सरांनी तिला एकेक प्रश्न विचारला, आणि तिथेच अडलं. कुठल्या तारखेला पकडलं? तिला सांगता येईना. तारखेशिवाय पत्र जाणार नव्हतं. तिथल्या कचेरीत हा माणूस शोधायचा तर तारीख हवीच, असं बाबांचं म्हणणं. ती रडवेली झाली. "मी काय लिवून ठेवतंय काय?" ती म्हणाली. "त्याचा फोन आला का क्यालिंडरवर टीप मारायची, तेवडं करायची मी."

"कॅलेंडर आहे अजून?" बाबांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि बाबा राजिवड्यात तिच्या घरी गेलो. खाडीच्या काठाला दोन खोल्यांचं घर होतं. खिडकीतून भाट्याचा पूल दिसायचा. तिनं ट्रंकेतून तीन वर्षांची कॅलेंडरं काढली. दूध, गॅस, मुलीच्या परीक्षा आणि दर दुसऱ्या शुक्रवारी निळ्या शाईची टीप. एका महिन्यात टिपा थांबल्या होत्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात एका चौकोनात नुसता एक गोल काढलेला होता.

"हे काय?" मी विचारलं.

तिनं त्या गोलावरून बोट फिरवलं. "त्या माणसाचा फोन आला तो दिस. म्हनला, परवा नेला."

बाबांनी दोन दिवस मागे मोजले आणि तिथल्या चौकोनावर बोट ठेवलं. तारीख मिळाली. त्याचं जुनं पत्र होतं, त्यातून लाँचचं नाव आणि बंदर मिळालं. पासपोर्टची झेरॉक्स मुलीच्या दप्तरात निघाली.

सरांनी त्या आठवड्यात सगळं एका पानात बसवलं. आम्ही दिल्लीला लिहिलं, तिथल्या आपल्या वकिलातीला लिहिलं, त्या देशाच्या मंत्र्याला आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्याला लिहिलं. पण सरांनी आणखी एक केलं. इतक्या वर्षांत जगभरच्या पत्र लिहिणाऱ्यांशी त्यांची ओळख झाली होती. त्या सगळ्यांना त्यांनी ते पान भाभीच्या पत्त्यासह पाठवलं. प्रत्येकाला मी वेगळं टाइप करावं असा त्यांचा आग्रह होता, कार्बन कॉपी पाठवायची नाही. "आपण मागतो आहोत," ते म्हणाले. "मागताना कष्ट दिसायला हवेत."

काही महिने काहीच झालं नाही. मग राजिवड्याच्या त्या घरी परदेशी पोस्टकार्डं यायला लागली. भाभी ती घेऊन माझ्याकडे यायची. दुपारच्या रिकाम्या इन्स्टिट्यूटमध्ये मी तिला वाचून दाखवायचे. एका शिक्षकानं लिहिलं होतं, आमच्या वर्गातल्या सव्वीस मुलांनी तुमच्या नवऱ्यासाठी पत्रं लिहिली आहेत. एका आजींच्या कार्डावर बर्फात बुडालेलं घर होतं. त्यांनी लिहिलं होतं, माझाही नवरा बोटीवर होता, वाट पाहणं मला ठाऊक आहे.

भाभीनं ते कार्ड उलटसुलट केलं. "ह्या बाईला माजी कुठनं म्हायती?"

"सरांनी कळवलं."

"आनि हिनं लिवलं? माज्यासाटी?" तिनं कार्ड पिशवीत जपून ठेवलं. मग म्हणाली, "माज्या सख्ख्या भावानं न्हाय लिवलं गो."

त्या आजींना पाठवलेलं पत्र मी कसं टाइप केलं होतं ते मला आठवलं. मान दुखत होती, सातव्या-आठव्या पत्रानंतर कंटाळा आला होता. ते पत्र एका बर्फातल्या घरी पोचलं होतं आणि कुणीतरी हातात धरून वाचलं होतं. तोवर पत्रं माझ्या दृष्टीनं फक्त जायची. ती कुणाच्या तरी दारात उतरतात, हे मी पहिल्यांदा बघत होते.

पकडल्याला तीन वर्षं होत आली तेव्हा तो सुटला. वकिलातीकडून तार नाही, पत्र नाही. मुंबईच्या विमानतळावरून त्यानं घराशेजारच्या एसटीडी बूथवर फोन केला, बूथवाल्या बाईनं भाभीला हाक मारली, आणि भाभी अनवाणी धावत गेली. हे तिनंच मला नंतर सांगितलं. सांगताना ती स्वतःलाच हसत होती.

आठ-दहा दिवसांनी दोघं सरांकडे आले. भाभीनं तांदळाच्या रव्याची गोड सांदणं करून आणली होती. तो माणूस उंच होता, पण खांदे पुढे झुकलेले. डाव्या कानानं त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून तो मान वळवून बसायचा. कान कशानं गेला ते कुणी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

सरांनी एवढंच विचारलं, "आमची पत्रं पोचली का हो तिकडे?"

तो सावकाश बोलायला लागला. "मला काय म्हायती न्हवतं. एक दिवस सायबानं बोलावलं. मी म्हनलं, आता परत मार. तर त्यानं खुर्ची दिली. अडीच वर्सांत पयल्यांदा खुर्चीत बसलो. टेबलावर पाकिटांचा ढीग. म्हनला, तू कोन हायस? मी म्हनलं, खलाशी. म्हनला, खोटं बोलू नको, खलाशासाटी कोन लिवतो? मंग म्हनला, हे रत्नागिरी काय हाय? राजधानी हाय? मी म्हनलं, न्हाय साब, गाव हाय. त्यानं कागद-पेन्सिल दिली. दाखव म्हनला."

"मग?"

"मंग मी काडला नकाशा. किल्ला काडला, दीपगृह काडलं, खाडी काडली, पूल काडला. पुलाच्या अल्याड माजं घर. काडता काडता मला रडायला आलं. तो बघत बसला. त्या दिवसापासनं मारलं न्हाय. डॉक्टर आला. नंतर चार म्हयन्यांनी सोडलं."

बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. काकू आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा सगळ्यांच्या ताटल्यांत सांदणं होती आणि त्या ओरडून, त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूनं, म्हणत होत्या, "खा हो, तुमच्याच घरची आहेत."

कुठल्या पत्रानं तो सुटला ते आम्हाला कधीच कळलं नाही. कदाचित पत्रांनी सुटलाही नसेल. मालकाचा आणि तिथल्या साहेबाचा काही वेगळा हिशेब असेल. सर हे स्पष्ट बोलून दाखवायचे. पण खुर्ची मिळाली ती पत्रांमुळे, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

पुढचे कित्येक दिवस आम्ही आभाराची पत्रं लिहिली. भाभी सांगायची, मी इंग्रजी करायचे. ती म्हणाली, "लिव, तुमच्या घरातलं मानूस कदी कुठं बंद न होवो." मी 'थँक यू' लिहिलं होतं ते खोडलं आणि तिचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत घातलं. इंग्रजी जरा विचित्र झालं. सरांनी वाचलं आणि यावेळी काहीच खोडलं नाही.

तो माणूस परत आखातात गेला नाही. मिरकरवाड्याच्या मच्छीमार बंदरावर जाळी विणायच्या कामाला लागला. रविवारी मात्र तो सरांकडे येऊ लागला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, तो उर्दूत सही करायचा. पहिल्यांदा आला तेव्हा आम्ही कुठल्यातरी तुरुंगातल्या एका विद्यार्थ्यासाठी पत्र लिहीत होतो. मी त्याला मराठीत वाचून दाखवलं. त्यानं मान वळवून ऐकलं आणि म्हणाला, "ह्याच्यात तब्येतीचं घाला."

"म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"विचारा, ह्याची तब्येत कशी हाय, डॉक्टर बघतो का. बाहेरचं कोन तब्येतीचं विचारतंय असं कळलं का मारनाऱ्याचा हात आकडतो. मी बघितलंय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीनवरचा कागद काढून नवा चढवला. त्यानंतर आमच्या प्रत्येक पत्रात ती ओळ जाऊ लागली.

सर २००४ साली गेले. त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन कोल्हापूरला आले. बाबांनी ते टेबल आणखी काही वर्षं चालवलं. मला सरकारी नोकरी लागली नाही, चौकशीही कधी झाली नाही. आज मागे पाहताना वाटतं, एका प्राध्यापकानं माझ्यापुढे कोरा कागद सरकवला, एका हेडक्लार्कनं त्याला विषय द्यायला शिकवलं, आणि एका खलाशानं त्यात काय विचारायचं ते सांगितलं. मला येत होतं ते फक्त टायपिंग. बाकी सगळं ह्या माणसांनी दिलं. शाळेतल्या त्या बाईचा चेहरा मी कधी पाहिला नाही, पण पहिलं पत्र तिच्यासाठी होतं, म्हणून तिलाही मी ह्यांच्यातच धरते.